शालीच्या गाठी

गेटवरच्या पहारेकरी नरसिंहरावांनी रणजीतची डिजिटल डायरी लोखंडी कपाटात टाकली आणि कुलूप लावलं.

“अहो, नुसत्या नोंदी आहेत तिच्यात!” रणजीत चिडून म्हणाला.

“नियम आहे सार. पेजर नाही, डायरी नाही. जाताना घ्या.”

बेंगळुरूबाहेर येलहंक्याजवळच्या या कारखान्यात रडारचे भाग बनत. पुण्याहून आलेल्या रणजीतची नेमणूक अजून कच्ची होती. शुक्रवारच्या तपासणीनंतर त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरणार होतं. त्याची सगळी कामं डायरीत आणि डायरी गेटवर. साधी वही आत न्यायला कुणाची ना नव्हती, पण गडी हट्टाला पेटला होता. वहीत लिहिणं त्याला कमीपणाचं वाटे.

त्यात शेजारच्या टेबलावर सत्यवतीअक्का. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत मुरलेलं, मराठीत कन्नड मिसळलेली. एसीचा गारठा सोसत नाही म्हणून त्यांची शाल कायम खुर्चीवर असे. हयवदनसाहेबांनी कामं वाटली, की अक्का शालीच्या दशांना गाठी मारत. काम उरकलं, की गाठ सुटे. त्यांचं कधी काही चुकत नसे, आणि रणजीतला याचाच राग होता.

वर त्या हात धुऊन त्याच्या मागे लागत, तेही चारचौघांत.

“रणजीत, ते ड्रॉइंग परत केलंस काय रे? स्वल्प लवकर कर बाबा.”

“करतो, मॅडम.” सगळे त्यांना अक्का म्हणत, हा मुद्दाम मॅडम म्हणे.

आपली लाज काढून साहेबांपुढे मिरवायचंय बाईला, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. गुरुवारी संध्याकाळी अक्का घरी गेल्या. खोलीत कुणी नव्हतं. रणजीतनं शाल ओढली आणि एकेक गाठ नखांनी उकलली. उद्या हिलाही चाचपडू दे साहेबांसमोर! काम संपल्यावर त्यानं शाल होती तशी नीट घडी घालून ठेवली.

शुक्रवारी अक्का आल्या. शाल पांघरताना त्यांनी दशा बोटांनी चाळल्या, क्षणभर थांबल्या आणि कामाला लागल्या. दुपारपर्यंत त्यांनी रणजीतला एका शब्दानंही हटकलं नाही. बाईची पुरती दांडी गुल झालेली दिसते! त्याला मनातून गुदगुल्या झाल्या.

तपासणीचे लोक येऊन बसले. साहेबांनी आधी अक्कांना विचारलं. सुटे भाग, तारखा, बदललेली ड्रॉइंग, अक्कांनी सगळं तोंडपाठ सांगितलं. कुठे अडखळल्या नाहीत. रणजीत बघतच राहिला.

“रणजीत, चाचणीचा अहवाल?”

अहवाल सकाळपर्यंत प्रयोगशाळेतून मागवायचा होता.

“तो... राहिला, सर.”

तपासणीच्या लोकांनी फाइल मिटली आणि ते उठून गेले. साहेबांचा चेहरा लाल झाला होता.

“सोमवारपासून येऊ नका तुम्ही,” ते रणजीतला म्हणाले. मग अक्कांकडे वळले. “अक्का, याला कामांची आठवण करून द्यायचं मी तुमच्यावर सोपवलं होतं ना? आज काय झालं?”

अक्कांनी शालीच्या मोकळ्या दशा हातात धरल्या आणि गोंधळून रणजीतकडे पाहिलं.

“माझं माझ्या लक्षात राहतं साहेब, गाठी याच्याच कामांच्या असायच्या. आज सगळ्या सुटलेल्या दिसल्या. मला वाटलं, कामं उरकून यानंच सोडल्या.”