मुठीवरच्या तीन रेघा

"अगदी तस्साच पायजे, गजाकाका."

जयवंतानं कागद पुढं केला. शाळेच्या वहीतला अर्धा ताव, त्यावर चाकूचं चित्र: मिटणारं पातं, शिंगाची मूठ, पितळेची खीळ. गजा लोहारानं कागद उभा धरला, मग आडवा धरला.

"हरवला कसा गं?"

"नदीवर. धुणं धुताना कमरेचा सुटला."

"नवरा बुडवलास की पोरी!" भाता ओढणारी त्याची बायको चिंधी खुदकन हसली.

चिंधीनं थट्टा केली, पण जयवंताचं लग्न खरोखरच चाकूशी लागलं होतं. आठ वर्षांपूर्वी, ती सात वर्षांची असताना, साजगावचा सदू अंगाला हळद लागल्यावर पळाला. चौदा वर्षांचा पोर! नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेला चाकू असतो, तेवढा मागे टाकून गेला. मांडव उभा होता, भात शिजला होता, पाहुणे जमले होते. मग थोरांनी पाटावर तो चाकूच ठेवला, मध्ये अंतरपाट धरला आणि अक्षता टाकल्या.

तेव्हापासून चाकू तिच्या कमरेला. दहिवलीच्या शाळेत ती त्यानंच बोरू तासायची. तासताना मूठ तिच्या मुठीत. दुसऱ्या कुणाच्या हाती ती तो देत नसे. पोरी चिडवायच्या. ती म्हणायची, "माजा नवरा निदान कामाचा तरी हाय. तुमच्यांचं बगा!" पात्यावर लिंबाच्या रसाचा काळा डाग होता. राखेनं घासूनही तो गेला नव्हता.

आता सदू परत आला होता. निदान आलेला माणूस तसं सांगत होता. दाढीमिशीचा उंच गडी. इतकी वर्षं आगबोटीवर होतो म्हणाला. सासूच्या, अंबाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं त्याच्या गळ्यात पडून रडून घेतलं. आठ दिवसांत त्यानं तिच्या शेताला गिऱ्हाईक शोधलं आणि निरोप धाडला, सोमवारी बायको न्यायला येतो.

जयवंतानं उलट निरोप धाडला. "ज्याच्याशी लगीन लागलं त्या चाकूची खूण सांगा. सांगितलीत तर निघते. नाय तर पाचवीच्या परीक्षेला बसते."

दोन्ही गावांतले जाणते म्हणाले, पोरीचं म्हणणं रास्त आहे.

"अन् आता चाकूच नाय म्हंजे तुजीच पंचाईत," गजा म्हणाला.

"म्हणून तर आले. मुठीवर तीन रेघा पाडा. आडव्या. जुन्या दिसल्या पायजेत."

"चित्रात नाय त्या."

"चित्र घाईत काढलं. रेघा हीच तर खूण, काका!"

"अन् पात्यावरचा डाग?"

"तो मी पाडीन लिंबू लावून." मग ती चिंधीकडे वळली. "काकी, कुणाला बोलू नको हां. माज्या गळ्याची शपथ."

"मी? माज्या तोंडाला कुलूप हाय गं बाय."

संध्याकाळपर्यंत सगळ्या दहिवलीला चाकू हरवल्याचं कळलं. दुसऱ्या दिवशी चिंधी वालाच्या शेंगा द्यायला माहेरी गेली. तिचं माहेर साजगाव.

जयवंताचा बाप येसाजी कर्जतच्या स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला होता. तो पाळीवरून आला तो दारातूनच बोलला.

"हरवला तर हरवला म्हण. नवा कशाला घडवतेस? माज्या पोरीनं चार लोकांत खोटं पडावं व्हय?"

"मी नाय खोटी पडत."

"अन् त्यानं खूण सांगितली तर?"

"तर जाईन. शब्द दिलाय." तिनं पाटी पुसली. "पण बाबा, उगा कुणी बी येईल अन् चल म्हणंल, तर मी काय दावणीची गाय हाय?"

त्या रात्री येसाजी जेवला नाही.

सोमवारी ओट्यावर माणसं मावेनात. पाटील आले, गजा आला, चिंधी पदर सावरत पुढंच बसली. अंबाबाईला बैलगाडीतून आणलं होतं. तिनं चाचपडत जयवंताचा हात धरला.

"सूनबाई, माजा सदू आला गं."

जयवंतानं तिचा हात सोडला नाही. दुसऱ्या हातानं तिनं गजानं घडवलेला चाकू पदराखाली धरला होता.

तो माणूस मिशीवर ताव देत हसला. "नवा करून घेतलास म्हणं? असूं दे. न बगता सांगतो. म्हशीच्या शिंगाची मूठ, अन् मुठीवर तीन आडव्या रेघा. हळदीच्या दिवशी म्याच पाडल्या."

चिंधीनं मान डोलवली. येसाजीनं चमकून लेकीकडं पाहिलं. लेकीनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

"आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगा," जयवंता म्हणाली.

त्यानं अंबाबाईच्या डोक्यावर हात ठेवला. "तीन रेघा. आईची आण!"

जयवंतानं पदराखालचा चाकू पाटलांच्या हातात दिला. त्यांनी बोट फिरवून रेघा मोजल्या. तीन. लोक कुजबुजले. अंबाबाई हुंदके देऊ लागली.

"झालं नव्हं?" तो माणूस उठला. "चल, आवर आता. अन् ते बोरू-बिरू हितंच ठेव."

"एक तासून घेते," जयवंता म्हणाली. "परीक्षा जवळ आलीय."

ती पाटलांच्या समोर मांडी घालून बसली, दप्तरातून बोरू काढला, मग कमरेला खोचलेल्या निऱ्यांतून दुसरा एक चाकू काढला आणि उघडला. त्याच्या पात्यावर लिंबाचा जुना काळा डाग होता, आणि शिंगाच्या गुळगुळीत मुठीवर एकही रेघ नव्हती.