हळदीतलं नवं गाणं

उज्वलाच्या पोटातलं बाळ सकाळपासून हललं नव्हतं. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई रूपालीने ठोके ऐकायचं नवं यंत्र तिच्या पोटावर ठेवलं आणि मोबाइलला जोडलं. मोबाइलमधून काहीच आवाज येईना. सासू नवसाबाई एकेका देवाचं नाव घेऊ लागली. नवरा गोरक्ष भिंतीला टेकून मटकन खाली बसला.

तेवढ्यात शेजारच्या हळदीतलं गाणं मध्येच तुटलं आणि डीजेच्या स्पीकरच्या भिंतीतून धकधक, धकधक सुरू झालं. या घराचीच काय, अख्ख्या गल्लीची तावदानं हलली. हळदीतली पोरं शिट्ट्या मारत नाचू लागली.

रूपालीने मोबाइल पाहिला आणि ती किंचाळलीच. "मावशी, दुपारी मी याच मोबाइलवरून तिकडे गाणी लावली होती! ब्लूटूथ परत डीजेलाच जोडलं गेलंय. हे आपल्या बाळाचे ठोके आहेत!"

"मग यंत्र हलवू नको, ताई. वाजू दे!" नवसाबाई म्हणाली.

"कोणाचं गाणं हाय रे हे? लय भारी!" बाहेरून डीजेवाला ओरडला.

"माझ्या लेकराचं!" म्हणत गोरक्ष उठला आणि बांधाच्या भांडणामुळे आमंत्रण नसलेल्या त्या हळदीत जाऊन सगळ्यांच्या पुढे नाचला.