राखेची मालकी

या, जरा जवळ सरकून बसा. राखेची एक गोष्ट ऐका.

वीजकेंद्रातल्या कोळशाची राख छातीत बसून शिवणकामवाल्या मावशींचा नवरा गेला. मावशींनी तक्रार केली, तर केंद्राचे साहेब म्हणाले, "तुमच्या घरातली राख आमचीच कशावरून?" पुराव्याअभावी तक्रार तिथेच अडली.

पुढे प्रयोगशाळेत त्याच राखेतून निळसर चमकणारे कार्बनचे सूक्ष्म कण निघाले आणि त्यांना सोन्याचा भाव आला. साहेब स्वतः पोती घेऊन दारात हजर.

"मावशी, छपरावरची, शिलाई मशीनवरची, सगळी राख आमच्या मालकीची आहे हं."

"न्या हो. फक्त तेवढं लिहून द्या."

साहेबांनी झोकात सही ठोकली.



तो कागद मावशींनी तक्रारीला जोडला. श्रोतेहो, अशा सत्यवचनी साहेबांची आठवण असू द्या.