बारावी चकती

'मानवाने जंतूंवर कायमचा विजय मिळवला आहे,' अशी संगमरवरी पाटी प्रयोगशाळेत होती. तिच्या खालीच जंतू वाढवायची पेटी होती, आणि जंतूंना वाचता येत नव्हतं.

हेमलताने पेटीतून बशी काढली. बशीत बारा औषधांच्या बारा चकत्या होत्या. औषध लागू पडलं, की चकतीभोवती जंतू मरून स्वच्छ वर्तुळ उमटतं. गेल्या सात वर्षांत तिने असं एकही वर्तुळ पाहिलं नव्हतं.

आजचे जंतू टिळेकर सरांच्या बोटातले होते. तिला चकत्या लावायला शिकवणारे सर समोरच तापाने फणफणत बसले होते. गुलाबाचा काटा लागला होता. हल्ली माणूस जायला तेवढंही पुरत असे.

"वर्तुळं किती गं?"

"एकही नाही, सर."

सरांनी बशी उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"बारावी चकती काठाला गेलीये तुझी. उद्या जरा नीट लावून बघशील?"