बोटांच्या मधी

श्रीरामपूरजवळच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी, येशूनं बारा शिष्यांचे धुतले तसे, फादर बारा जणांचे पाय धुतात. यंदा त्यांत शांतवन होता. शुगरनं त्याचे तळवे बधिर केले होते. रोज संध्याकाळी त्याची बायको एस्तेर ते मांडीवर घेऊन काटा, फोड, जखम शोधायची. फादरांनी पाय धुऊन पुसला, तशी सवयीनं शांतवननं तळवा वर केला, बोटं फाकवली. "फादर, बोटांच्या मधी पुसायचं राहिलं. तिथंच चिघळतं." मिस्सेची उपासना चालू असूनही हशा पिकला. एस्तेरनं पदर तोंडाला लावला. फादरांनी हसत बोटं कोरडी केली आणि शेजारच्या लाजरसचा पायही उलटा करून पाहिला. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, भोवती पू धरला होता. "दुखत नाही?" "न्हाई, फादर. मलाबी शुगर हाय." फादर बायकांच्या बाकांकडे वळले. "एस्तेरबाई, पुढं या. पाणी मी ओततो, पाय तुम्ही बघा."