ओलं गोंदण

"खपली आपोआप पडू द्या, या मलमाशिवाय काही लावू नका," असं टॅटूवाल्यानं दहादा बजावलं होतं. शाईच तशी होती. केतकीच्या वारलेल्या बाबांच्या जपून ठेवलेल्या पेशी तिच्यात जिवंत होत्या. जखम भरली की मनगटावरचं गोंदण त्यांच्या तळव्यासारखं उबदार लागणार होतं. त्या पेशींतून शाईची कुपी एकच निघाली होती, तीही संपली होती.

पण जखम म्हटलं की तिच्या आईचा, वत्सलाबाईंचा, हात हळदीकडेच जायचा. काल दुपारी लेक झोपलेली असताना त्यांनी त्या लाल मनगटावर तेलात कालवलेली हळद मायेनं लावली आणि ती उठायच्या आत पुसूनही टाकली.

आज खपली पडली. गोंदण थंडगार होतं. हळदीनं काय केलं, ते वत्सलाबाईंना कळून चुकलं.

"मीच झोपेत खाजवलं असणार गं," केतकी रडत म्हणाली. "बाबांना मीच घालवलं."

वत्सलाबाईंच्या नखांत अजून हळद होती. त्यांनी तिचं मनगट मुठीत धरलं. "थांब जरा, येईल ऊब."

थोड्या वेळानं केतकीचा चेहरा उजळला. "आई, लागतंय गं, कोमट लागतंय! हात काढ ना, बघू दे मला."

वत्सलाबाईंनी मूठ आणखी घट्ट केली.