सातव्या रांगेतला सिग्नल

सकाळपासून सातव्या रांगेत सिग्नलच्या चारही काड्या हिरव्या होत्या.

औषधांच्या त्या गोदामात असे आजवर घडले नव्हते. मालाची नोंद घ्यायचे डेटा टर्मिनल हातात घेऊन सलाइनच्या या रांगेत कोणी शिरले, की पडद्यावरच्या काड्या एकेक करून विझत आणि नोंद पाठवायला माणसाला दारापर्यंत परत यावे लागे. नव्या तंत्रज्ञ मुलीने अँटेना हलवून पाहिला, उंच टांगून पाहिला, अखेर काल नवाच बसवला. ही रांग जोडली तर नोकरी कायम, नाहीतर महिनाअखेरीस निरोप, असे साहेबांनी तिला बजावले होते.

"उगाच नाही शब्द टाकला मी हिच्यासाठी," भांडारपाल मामा हमालांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "भाची कुणाची आहे?"

एक हमाल टर्मिनल मिरवत टोकापर्यंत जाऊन आला. "ताई, मागच्या भिंतीला नाक लावलं तरी चारच्या चार. आमचे पाय वाचवलेत बघा."

तिचेही काळीज आनंदाने धडधडत होते. पण कारण कळल्याशिवाय यश पदरात घ्यायचे नाही, ही तिची खोड. तिने नवा अँटेना काढून जुना लावला. टर्मिनलने क्षणभर जोडणी शोधली. काड्या पुन्हा चार.

"म्हणजे हे अँटेनाचं काम नाहीच," ती म्हणाली. तिचा हुरूप उलट वाढला.

"अगं, चालतंय ना? मग कशाला उकरतेस?" मामा म्हणाले. "साहेब येतील इतक्यात. नवा लाव आणि हसून उभी राहा."

"थोडा वेळ द्या, मामा."

"आईवर गेलीस. दूध उतू गेलं तरी आधी कारण विचारणार, मग गॅस बंद करणार."

ती हसत पळालीच. शेजारच्या रांगा तपासल्या. तिथे सिग्नल कालच्याइतकाच होता. बदल फक्त इथेच झाला होता. धापा टाकत ती सातव्या रांगेत परतली आणि छतापर्यंत रचलेल्या खोक्यांना टेकली.

टेकली, आणि झटकन सरळ उभी राहिली.

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी टर्मिनलकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा. आजच सही करतो तुमच्या पत्रावर. पण केलंत तरी काय?"

मामांनी किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला.

"मी काहीच केलं नाही, साहेब," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "पाणी सिग्नलच्या लहरी शोषून घेतं. सलाइन म्हणजे पाणीच. म्हणून इथे सिग्नल मरत होता."

समोरचे सीलबंद खोके तिने एका बोटाने आत सरकवले.

"ही खोकी रिकामी आहेत. आणि रात्री गोदामाची किल्ली मामांकडे असते."